नुसतं बघायला

राधाकिशन ओव्हाळांच्या तोंडाला कानापर्यंत फेस होता आणि सुग्रीवचा वस्तरा नेमका गळ्याच्या घाटीवर आला होता. तेवढ्यात सुग्रीवनं विचारलं, "कंट्रोलरसाहेब, चैतालीताई इंग्लंडला कावून चालल्या म्हणं?"

वस्तरा गळ्यावर असताना माणसानं बोलू नये, हे राधाकिशनना कळत होतं. पण प्रश्न लेकीचा होता. ओठ न हलवता जेवढं बोलता येईल तेवढं ते बोलले.

"बघायला."

सुग्रीवचा हात थांबला. चैताली डॉक्टर होती, लग्नाची होती, आणि पाटोद्यात लग्नाच्या पोरीच्या बाबतीत 'बघायला' या शब्दाला एकच अर्थ आहे. सुग्रीवनं वस्तरा पुसला, दुसरा गाल पुढं घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्यो बी डॉक्टरच हाय का?"

चैतालीला बोलावणाऱ्या पत्राखाली 'डॉ. एच. व्हिटमोर' अशी सही होती. राधाकिशनना वाटलं, हा त्याच माणसाबद्दल विचारतोय. "डॉक्टरच हाय," ते म्हणाले. "लहान लेकरांचा. लई मोठा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. राधाकिशन ओव्हाळांनी उभी नोकरी पाटोद्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. माईक बंद पडला तरी त्यांची बीडची गाडी भाजीबाजारापर्यंत ऐकू जायची. निवृत्त होऊन माईक सुटला, आवाज काही सुटला नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारीण मीठ घेऊन यायची. त्यामुळं फेसाच्या आडून ते जे हळूच बोलले, ते दुकानात नंबर लावून बसलेल्या चौघांनी, बाहेरच्या रसवंतीवाल्यानं आणि मोटारसायकलवर बसून फोनवर बोलणाऱ्या एकानं व्यवस्थित ऐकलं.

खरी गोष्ट साधी होती. चैताली सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. तिथं एखादं लेकरू फार सिरियस आलं की त्याला बीडला पाठवावं लागायचं, आणि ॲम्ब्युलन्सचं दार लागल्यावर पुढं त्याचं काय झालं हे तिला कधी कळायचं, कधी नाही. असल्या लेकरांना मोठ्या जागी काय काय करतात ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, हे तिच्या डोक्यानं घेतलं होतं. तिनं परदेशातल्या कितीतरी दवाखान्यांना मेल केले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी गोड शब्दांत नाही म्हटलं. शेवटी इंग्लंडातल्या लीड्स नावाच्या शहरातून एकाच दवाखान्याचं 'या' असं पत्र आलं. याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. महिनाभर तिथल्या डॉक्टरांच्या मागं मागं फिरायचं आणि पाहायचं. रोग्याला हात लावायचा नाही, औषध सांगायचं नाही, पगार नाही. पाहायचं, एवढंच.

म्हणजे राधाकिशन खोटं काहीच बोलले नव्हते. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी आष्टीहून येणाऱ्या पहिल्या गाडीतून छबुबाई उतरल्या. छबुबाई म्हणजे राधाकिशनच्या थोरल्या बहीण. आष्टीच्या बाजारात त्या शेळ्यांचा व्यवहार करायच्या. जनावराचा ओठ वर करून दात पाहिले की त्याचं वय आणि मालकाची दानत दोन्ही सांगायच्या, आणि माणसांच्या बाबतीतही आपला अंदाज चुकत नाही असं त्यांचं मत होतं. घरात पाऊल टाकताच त्यांनी पिशवी आपटली.

"सख्ख्या आत्याला बाजारात गिऱ्हाइकाकडनं कळावं का? पाटोद्याचा माणूस शेळीचा भाव करता करता म्हणला, तुमच्या भाचीनं गोरा नवरा धरला."

"आक्का, कुणी धरला न्हाई," राधाकिशन म्हणाले. "ती नुसतं बघायला चालली."

"तेच म्हणतीया मी. बघायला चालली, आन् मला सांगितलं न्हाई."

चैताली आतून आली. सुटकेस भरायला काढलेला स्वेटर तिच्या हातात होता. तिनं आत्याला बसवलं, पाणी दिलं आणि रोग्याच्या नातेवाइकाला समजावतात तशी शांतपणे समजवायला लागली.

"आत्या, तिथं दवाखान्यात जायचंय. डॉक्टर काम करणार, मी बाजूला उभी राहणार. कशाला हात लावायचा नाही, असा नियमच आहे."

छबुबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय. लग्नाआधी कावून लावायचा हात?"

"आत्या, तसं नाही. कुणी विचारल्याशिवाय मधे बोलायचंही नाही."

"घराला वळण चांगलं दिसतंय."

"आणि कोपरापासून खाली हात मोकळे ठेवायचे. घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगड्या नाहीत."

आता मात्र छबुबाईंचा चेहरा पडला. पिशवीत हात घालून त्यांनी हिरव्या बांगड्यांचं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवलं. "हे मातर मला पटलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आतापासनं बांगड्याला न्हाई म्हणत्यात, ते पुढं काय नांदवतील?"

चैताली हसायला लागली आणि हसता हसता स्वेटर तोंडाला लावून आत गेली. छबुबाईंना वाटलं, पोर लाजली.

राधाकिशननी शेवटचा उपाय म्हणून लीड्सचं पत्रच काढलं. चष्मा लावून ते बहिणीला एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागले. लसी कोणत्या घ्यायच्या, कुठल्या दारानं यायचं, ओळखपत्र कुठं मिळेल. त्यांचं इंग्रजी एसटीच्या परिपत्रकांवर पोसलेलं होतं, अशा पत्राला ते पुरेसं होतं. छबुबाई निमूट ऐकत होत्या. पत्र संपत आलं तसे राधाकिशन थोडे अडखळले.

"थांबलास कावून?" छबुबाई म्हणाल्या. "शेवटी काय लिव्हलंय?"

राधाकिशन खोटं बोलणारे नव्हते. निदान तोपर्यंत तरी नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "लिव्हलंय की, तुमाला बघायला आमी उत्सुक हावोत."

छबुबाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. "झालं की मंग," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सत्यशीलाबाई अंगणवाडीतून घरी आल्या. त्यांनी नणंदेच्या मांडीवरच्या बांगड्या पाहिल्या, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि चहा टाकता टाकता म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हावा. दुसरा इलाज न्हाई."

हा सल्ला सोन्यासारखा होता. पण गप राहणं हे राधाकिशनच्या प्रकृतीत बसणारं नव्हतं. गाडी चुकीच्या फलाटाला लागली तर प्रवाशांना ओरडून सांगायचं, हा त्यांचा जन्माचा धर्म. सकाळी उठून ते स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसले आणि येईल त्याला खरं काय ते सांगायला लागले.

अडचण अशी झाली की खरं कुणाला पटेना. एवढी शिकलेली डॉक्टर एवढ्या लांब जाणार, राहण्याखाण्याचा खर्च आपला करणार, आणि तिथं नुसती उभी राहणार, हे जो ऐकेल तो गालातल्या गालात हसे. मेडिकल दुकानवाला राम तर म्हणाला, "दादा, लपवायचं असंल तर लपवा, पण जरा पटंल असं सांगा."

तेव्हा राधाकिशननी शब्द बदलला. "बघायला न्हाई रे, शिकायला चालली."

"शिकायला?" रामनं कप खाली ठेवला. "डॉक्टर झाल्या न्हवं त्या? मंग अजून काय शिकायचं ऱ्हायलं? इथं आमी रोज त्यांच्या चिठ्ठीवर औषधं देतोय."

रामचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. नेमकी त्याच वेळी आबासाहेबांची गाडी समोर थांबली. आबासाहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. जमीनजुमला मोठा, आणि कुणाच्याही घरचं चांगलंवाईट आपल्या हातून गेल्याशिवाय ते पुरतं झालं असं त्यांना वाटत नसे. नारायणगडाहून दर्शन घेऊन येत होते, कपाळाला बुक्का होता. काच खाली करून त्यांनी हात वर केला.

"जय भीम, कंट्रोलर. काय ऐकतोय आमी? राम म्हणतोय ताई अजून शिकायच्या हायेत?"

राधाकिशनना काय झालं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. समोर हॉटेलभर माणसं, वर आबासाहेबांची गाडी, आणि मधे आपली लेक अर्धवट शिकलेली ठरतेय. त्यांच्या पोटातून आवाज निघाला. माईक नव्हता, तरी स्टँडवरच्या लोकांनी वळून पाहिलं.

"शिकायला न्हाई, आबासाहेब. शिकवायला."

एका 'व'चा फरक. पण तेवढ्यानं सगळं हॉटेल उभं राहिलं. रामनं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा सांगितला. आबासाहेब गाडीतून खाली उतरले आणि त्यांनी राधाकिशनचा हात हातात घेतला. "इंग्लंडच्या डॉक्टरांना आपल्या पाटोद्याची पोरगी शिकवणार," ते म्हणाले. "आन् तुमी हे लपवून ठिवलंय. पवन, घे रे लिहून."

पवन हा आबासाहेबांचा उजवा हात. फ्लेक्स छापणं, फेसबुक सांभाळणं, सत्काराला हार आणणं, हे सगळं त्याच्याकडं. त्यानं लिहून घेतलं नाही, कारण असल्या गोष्टी त्याला पाठच असत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैताली स्कूटीवरून ड्यूटीला निघाली, तेव्हा स्टँडच्या चौकात फ्लेक्स लागलेला होता. डाव्या बाजूला आबासाहेब हात जोडून उभे, पुरुषभर उंच. उजवीकडं कोपऱ्यात चैतालीचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो. मधे विमान, मागं लंडनचं घड्याळ. खाली ठळक अक्षरांत: 'इंग्लंडच्या डॉक्टरांना शिकवायला निघालेल्या पाटोद्याच्या सुकन्या डॉ. चैताली राधाकिशन ओव्हाळ यांना हार्दिक शुभेच्छा. भव्य नागरी सत्कार, गुरुवारी.'

ती तशीच माघारी फिरली. घरात शिरली तेव्हा डोक्यावर हेल्मेट तसंच होतं.

"पप्पा कुठंयत?"

"आंघोळीला गेलेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तुझ्या गाडीचा आवाज आला आन् गेले."

चैतालीनं न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून वडिलांना सगळं विचारलं आणि राधाकिशननी आतून सगळं सांगितलं. पाणी काही ओतल्याचा आवाज आला नाही. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे, गावातलं गावात राहील. सत्कार घेते, शाल घेते. पण आता यापुढं एक शब्द बोलू नका."

तिला वाटलं, गावातलं गावात राहील. पण पवन नव्या जमान्याचा माणूस होता. फ्लेक्स फेसबुकवर टाकून त्याचं समाधान झालं नाही. लीड्सच्या त्या दवाखान्याचं पान शोधून त्यानं आबासाहेबांच्या वतीनं तिथं एक संदेशही पाठवला. मोबाईलनं त्याला इंग्रजी करून दिलं होतं. मजकूर साधारण असा होता: आमच्या तालुक्याच्या डॉक्टर तुमच्या डॉक्टरांना शिकवण्यासाठी येत आहेत. त्यांची राहण्याची उत्तम व्यवस्था ठेवावी. त्यांना चहा गोड लागतो. काही अडचण आल्यास आबासाहेबांशी संपर्क साधावा.

बुधवारी चैतालीच्या फोनवर मेल आला. ती ओट्याशी उभी होती. मेल वाचून तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. राधाकिशन दारात येऊन उभे राहिले, पण त्यांना विचारायचं धाडस झालं नाही.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "त्यांनी विचारलंय की हा काय प्रकार आहे. ऑब्झर्व्हरला शिकवायचा, उपचार करायचा कसलाही अधिकार नसतो. खोटी माहिती देऊन येत असेल तर ते जागा रद्द करतात. उद्या दुपारी व्हिडीओवर बोलू म्हणालेत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर राधाकिशनना बरं वाटलं असतं.

"म्या सांगतो त्यास्नी," ते म्हणाले. "मीच बोललतो म्हणतो."

"तिकडचं मी बघते. तुम्ही इथलं पुसा. मी तिथं त्यांना सांगणार की हे सगळं खोटं आहे, आणि इथं चौकात फ्लेक्स तसाच, असं नाही चालायचं. उद्या सत्काराला तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर."

राधाकिशननी मान डोलावली. रात्रीचं जेवणही त्यांनी मुकाट्यानं केलं, आणि भाजीत मीठ नव्हतं तरी मागितलं नाही. शेजारीण मात्र काळजीनं डोकावून गेली.

गुरुवारी सकाळी चौकात मांडव होता. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत छबुबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. आबासाहेबांचं भाषण झालं. त्यात पाटोदा, इंग्लंड आणि पाटोद्याचं रखडलेलं बसस्थानक या तिन्हींचा उल्लेख झाला. मग पवननं जाहीर केलं, "आता ताईंचे वडील मनोगत व्यक्त करतील."

राधाकिशन उठले. त्यांनी माईक हातात घेतला. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तोंडातून नुसती सवय बाहेर पडली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

मांडव हसला. त्यांना वाटलं, कंट्रोलर गंमत करतायत. राधाकिशननी एकदा चैतालीकडं पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

"चौकात जो फलक लागलेला हाय, तो चुकीचा हाय. तो चुकीचा फलक मी लावला. पवननं न्हाई, आबासाहेबांनी न्हाई, मी. चैताली तिथं शिकवायला चाललेली न्हाई. ती नुसतं बघायला चाललीय. तिला इथं जी लेकरं हाताबाहेर जात्यात, ती तिथं कशी वाचवत्यात ते बघायचंय. तिची त्यात काय चूक न्हाई. मला ते कमीपणाचं वाटलं, म्हणून मी एक अक्षर वाढवलं. आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर हावोत."

मग पहिल्या रांगेतून छबुबाईंचा आवाज आला, "मी तर आधीपासनं सांगतीया. बघायलाच चालली ती."

आबासाहेब मुरलेले पुढारी होते. त्यांनी क्षणभरच फ्लेक्सकडं पाहिलं, मग पुढं होऊन माईक घेतला. "मोठ्या मनानं चूक कबूल करणारा बाप हाय हा," ते म्हणाले. "वाजवा टाळ्या." टाळ्या वाजल्या. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला आणि सगळे चिवडा-पेढ्यांकडं वळले. जाता जाता आबासाहेब पवनच्या कानाशी लागले, "तेवढा शब्द बदलून टाक. फ्लेक्स काढू नको, माझा फोटो चांगला आलाय."

पवननं तासाभरात पांढऱ्या पट्टीवर नवा शब्द छापून आणला आणि 'शिकवायला' या शब्दावर चिकटवला. आता चौकात ठळक अक्षरांत असं लिहिलेलं होतं: 'इंग्लंडच्या डॉक्टरांना बघायला निघालेल्या पाटोद्याच्या सुकन्या.'

सुग्रीवनं दुकानाच्या दारातून ते वाचलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "एक न्हाई, लई पोरं बघणार दिसत्यात."

दुपारी ओव्हाळांच्या घरात टाचणी पडली तर ऐकू यावं अशी शांतता होती. चैतालीनं टेबलावर लॅपटॉप मांडला होता. छबुबाईंना सत्यशीलाबाईंनी सत्कारानंतर परस्परच आष्टीच्या गाडीत बसवून दिलं होतं. राधाकिशननी स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसायचं आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

पडद्यावर माणूस आला, आणि राधाकिशन पाटावरून सरकून दाराच्या फटीला लागले. डॉ. एच. व्हिटमोर ही बाई होती. त्यांच्याएवढ्याच वयाची, पांढऱ्या केसांची, चष्मा कपाळावर सरकवलेली. पहिली काही वाक्यं कोरडी होती. ती कोरडी आहेत एवढं कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

चैताली बोलायला लागली. तिनं काहीच लपवलं नाही. वडील स्टँडवर होते, त्यांचा आवाज कसा आहे, एका शब्दाचं काय काय झालं, आज सकाळी त्यांनी सगळ्या गावासमोर काय सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुझे वडील आत्ता तिथं आहेत का?"

चैतालीनं मागं पाहिलं. राधाकिशन उठले, सदरा खाली ओढला आणि कॅमेऱ्यासमोर ड्यूटीवर उभं राहतात तसे ताठ उभे राहिले. "सॉरी मॅडम," ते म्हणाले. "माय मिस्टेक. डॉटर नो मिस्टेक."

बाईंनी कानावरचा हेडफोन जरा लांब धरला. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या डोळे पुसत हसल्या. राधाकिशनना जायला सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते तिथंच, चैतालीच्या खुर्चीमागं उभे राहिले.

बाईंनी सहज विचारलं, की तुझ्याकडं कसली कसली लेकरं येतात? चैतालीनं ताप, जुलाब, न्यूमोनिया सांगितला. मग म्हणाली, उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाला विंचू चावलेली येतात. लाल विंचू. एकदा शेतात आईबापाबरोबर कामाला आलेली एक लहान पोर आली, हातपाय गार, अंग घामानं भिजलेलं, काळीज फुटेल असं धडधडतंय. ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेली होती. तेव्हा तिला इथंच ठेवलं, गोळी दिली आणि दर थोड्या वेळानं रक्तदाब मोजत शेजारी बसून राहिले. ती वाचली. तेव्हापासून तिची आई बाजाराला आली की बोरं आणून देते.

राधाकिशनना त्यातलं निम्मं कळलं. बोरं घरात येत होती हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ती खाल्लीही होती. कुणी दिली, कशासाठी दिली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते लेकीच्या वेणीकडं पाहत उभे राहिले आणि त्यांना आपल्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते त्यांनी मागं बांधले.

बाईंचा चष्मा आता कपाळावरून नाकावर आला होता. त्या विचारत होत्या, चैताली सांगत होती. गोळी किती, केव्हा, फुप्फुसात पाणी भरलं तर काय. कोरडेपणा कुठल्या कुठं गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "दर गुरुवारी दुपारी आमच्या विभागातले सगळे डॉक्टर एकत्र बसतात. आमच्यापैकी कुणी असा रोगी जन्मात पाहिलेला नाही. तू आलीस की एका गुरुवारी हे आम्हाला शिकव."

चैताली गडबडली. "पण मॅडम, मी ऑब्झर्व्हर आहे. मला नियमानं..."

"रोग्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे," बाई म्हणाल्या. "बोलायला हाताची गरज नाही."

पडदा काळा झाला. चैतालीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "पप्पा, मी तिथं निवांत बघायला चालले होते. आता भाषण तयार करायचं. इंग्रजीत. तिथल्या मोठमोठ्या डॉक्टरांसमोर. तुमच्यामुळं."

सत्यशीलाबाई आतून आल्या. "म्हंजी शिकवायला चालली का आता खरंच?"

"हो," चैताली म्हणाली, आणि वडिलांकडं वळली. राधाकिशनची छाती फुगायला लागली होती. "आणि तुम्ही हे गावात कुणाला सांगायचं नाही. आज सकाळी माईकवर नाही म्हणालात. आता परत हो म्हणालात तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील."

ते खरंच होतं. पुढचे काही दिवस राधाकिशननी फार हालात काढले. सुग्रीवकडं गेले, गप्प बसले. हॉटेलात गेले, चहा पिऊन आले. राम म्हणाला, "दादा, तुमी मोठेपणा केला, खरं सांगितलं," आणि राधाकिशनना ते ऐकून घ्यावं लागलं. सगळ्या पाटोद्याला ऐकू जाईल एवढी बातमी गळ्याशी अडकलेली, आणि ती सांगायला तोंड नाही. शेवटी चैताली विमानात बसली, पोचल्याचा फोन आला, आणि त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी आष्टीची गाडी धरली. सख्ख्या बहिणीला सांगणं म्हणजे काही गावात सांगणं नव्हे.

छबुबाई दारात बसून शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होत्या. राधाकिशन शेजारी टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात बोलले.

"आक्का, एक सांगतो. कुणाला बोलू नको. ज्या दिवशी सत्कार झाला ना, त्या दिवशी दुपारी तिथल्या मोठ्या मॅडम फोनवर समोर दिसल्या."

"बाई?" छबुबाईंनी मान वर केली. "किती वयाच्या?"

"माझ्याएवढ्या. केस सगळे पांढरे. आधी जरा रागात होत्या. मंग चैतालीला लई इचारलं. काम काय करती, कसं करती. तिनं सगळं नीट सांगितलं. मंग मला बी पुढं बोलावलं."

"तुला बी बघितलं?"

"बघितलं. हसल्या. मंग म्हणल्या, पोरगी आली की आमच्या सगळ्यांना एका ठिकाणी बसवते, त्यांच्यापुढं तिला बोलू द्या. आक्का, शिकवायलाच बोलावलंय तिला. आता खरं सांगतो मी."

छबुबाईंनी करडू खाली सोडलं. पदरानं हात पुसले, मग डोळे पुसले. कितीतरी वेळ त्या धाकट्या भावाकडं मायेनं पाहत राहिल्या.

"एवढी चांगली गोष्ट, आन् चोरावानी सांगतूस कावून?" त्या म्हणाल्या. "सासूला पसंत हाय म्हण की सरळ."